मित्रावरचं भाषण

“मेलेल्या माणसाबद्दल तुमचा तो रोमन काय म्हणतो हो, बाई?” रावसाहेबांनी विचारलं.

भर दुपार होती. बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात वाळ्याचे पडदे सोडलेले होते आणि रावसाहेबांचा ड्रायव्हर भैरू तांब्यातलं पाणी हातानं पडद्यांवर शिंपडत होता. रावसाहेब झोपाळ्यावर बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी मागे लोटत होते. कड्यांचा आवाज तेवढा येत होता.

“तो म्हणतो, मेलेल्यांचं जगणं जिवंत माणसांच्या आठवणीत असतं.”

झोपाळा थांबला. “पुन्हा म्हणा.”

मी पुन्हा म्हटलं. डोळे मिटून त्यांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवलं. त्यांची ही सवय मला ठाऊक होती. वाक्य आवडलं की ते असंच चघळून बघत.

“बेस. आणि मैत्रीवर?”

“मैत्रीमुळे सुख जास्त उजळतं आणि दुःख वाटून घेतल्यानं हलकं होतं.”

“घ्या. दोन्ही घ्या.”

मी पर्समधून पेन काढलं. रावसाहेबांनी हात वर केला.

“कागद नको या वेळी. तोंडीच करू.”

“कोण गेलं, साहेब?”

“जातंच की कोण ना कोण,” ते म्हणाले आणि अंगठ्यानं पुन्हा फरशी लोटली.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. शिरगोंडीसारख्या तालुक्याच्या गावात, रावसाहेब इंगवल्यांच्या संस्थेच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते. एकदा स्नेहसंमेलनात मी प्राचीन रोमबद्दल बोलले. दोन हजार वर्षांपूर्वीचा सिसेरो, त्याची वकिली, त्याचं वक्तृत्व, त्याचं तत्त्वज्ञान. लोकांचं कल्याण हाच सर्वांत मोठा कायदा, असं तो म्हणायचा, हे मी सांगितलं तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत पेंगत असलेले रावसाहेब ताठ झाले. दुसऱ्याच दिवशी गाडी पाठवून त्यांनी मला बोलावलं.

“आमच्या लोकांना संतांची वचनं पाठ असतात,” ते मला म्हणाले होते. “मी निम्मं म्हणतो, उरलेलं समोरचे म्हणून टाकतात. मग बोलणाऱ्याची पत काय राहिली? या रोमनाचं पुढचं वाक्य मात्र तालुक्यात कुणाला येत नाही.”

तेव्हापासून मी त्यांची भाषणं लिहायला लागले. चूक कुणाच्याही हातून होते, चुकीला चिकटून बसतो तो मूर्ख. आपल्या जन्माआधी काय घडलं हे ज्याला ठाऊक नाही तो जन्मभर पोरच राहतो. असली वाक्यं पाणीवाटप सोसायटीच्या सभेतसुद्धा टाळ्या घेऊन जायची. रावसाहेब उत्स्फूर्त बोलतात अशी त्यांची ख्याती होती. खरं म्हणजे ते एक शब्दही तयारीशिवाय बोलत नसत. चार-चार दिवस पाठ करत, हुंदका कुठे घ्यायचा तेसुद्धा ठरवून ठेवत. हे मला, भैरूला आणि त्या झोपाळ्यालाच माहीत होतं.

त्या दुपारी निघताना त्यांनी मला थांबवलं.

“तो मेला कसा? तुमचा रोमन?”

“मारलं त्याला. सत्तेतल्या माणसाविरुद्ध एकामागून एक भाषणं केली होती त्यानं. ज्याला त्यानं स्वतः एका खटल्यातून सोडवलं होतं, तोच मारेकऱ्यांत होता म्हणतात. मुंडकं आणि हात तोडून, जिथून तो बोलायचा त्याच मंचावर लावले.”

भैरूचा तांब्या हवेतच राहिला.

“हात कशाला?” रावसाहेबांनी विचारलं.

“त्या हातांनी लिहिलं म्हणून.”

“हं.” त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. पेन अजून माझ्या बोटांतच होतं. “या परवा. याच वेळेला.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मैदानात मांडव घालायचं काम चाललं होतं. रविवारी संस्थेचा वर्धापनदिन होता. मी मुलींकडून स्वागतगीत बसवून घेत होते, तेवढ्यात श्रीपतअण्णा थोरवडे घोड्यावरून आले. साठी उलटलेला माणूस, पण रिकिबीत पाय न टेकवता उतरले. अण्णा संस्थेचे उपाध्यक्ष. रावसाहेब आणि ते एका आळीतले, एका वर्गातले. दोघांनी मिळून डोक्यावरून दगड वाहून पहिली शाळा बांधली, असं गाव सांगायचं. पण गेलं वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. दूध संघाची निवडणूक तोंडावर होती आणि रावसाहेबांविरुद्ध अण्णांनी स्वतःचं पॅनेल उभं केलं होतं. संघ गेला तर रावसाहेबांची आमदारकीही जाणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

“काय खटावकर बाई, रविवारी कुणाचं काय ऐकवताय?” अण्णांनी विचारलं. “का त्योच रोमचा वकील?”

“तोच,” मी हसून म्हटलं.

“बरा गावलाय आमच्या रावसाहेबाला. लांबचा हाय, कोर्टात खेचायला यायचा न्हाई.”

त्यांनी मांडवाच्या खांबाला हात लावून तो हलवून बघितला. गुऱ्हाळाच्या चरकात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच गेली होती. उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी मांडववाल्याच्या पाठीत थाप मारली, “घट पुर रं,” म्हणाले आणि घोड्यावर बसून गेले.

ठरल्याप्रमाणे मी पुन्हा बंगल्यावर गेले. रावसाहेब आज येरझाऱ्या घालत होते. भाषणाचा बराच भाग त्यांनी जुळवून ठेवला होता.

“ऐका,” म्हणाले. “‘आम्ही दोघं लहान होतो. नदीला पाणी आलं होतं. मी बुडत होतो. यानं उडी टाकली आणि मला वर काढलं. आज त्याला वर काढायला मला जमलं नाही.’ इथं थांबायचं. थांबू ना?”

“थांबा.”

“नंतर तुमचा रोमन. म्हातारपणावर काही आहे का त्याचं?”

मला एक वाक्य आठवलं आणि मी ते बोलून गेले. “आणखी एक वर्ष काही आपण जगणार नाही, असं वाटण्याइतका म्हातारा कुणीच नसतो.”

रावसाहेब हसले. मोठ्यानं नाही, नाकातून. “खरंय. त्यालाही तसंच वाटत असणार.” मग ते माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभे राहिले, सभेत उभे राहत तसे. आवाज खाली आणला. “‘आता माझ्या पाठीवर ती थाप पडायची नाही. तीन बोटांची ती थाप मी कुठं शोधू?’”

वाळ्याच्या पडद्यातून पाणी ठिबकत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. वर बघायचं धाडसच होईना. कालच त्या तीन बोटांची थाप मी डोळ्यांनी पाहिली होती.

“कसं वाटलं?” त्यांनी विचारलं.

“चांगलं आहे.” मी म्हटलं. “सभा कधी आहे, साहेब?”

“असल्या सभेची तारीख आपण थोडीच ठरवतो? पण येत्या आठवड्यात लागेल. तोंडात बसायला हवं.” ते पुन्हा झोपाळ्यावर बसले. “तुम्ही हुशार आहात, बाई. हुशार माणसाचं मला एक आवडतं. त्याला सगळं कळतं आणि तो गप्प बसतो. भैरू, बाईंना खोलीवर सोडून ये.”

“मी जाईन चालत.”

“ऊन आहे,” रावसाहेब म्हणाले.

भैरू याआधी माझ्या खोलीवर कधी आला नव्हता. मी पत्ता न सांगता त्यानं गाडी बरोबर माझ्या दारात उभी केली.

फौजदाराकडे जावं असं आधी मनात आलं. पण फौजदार दर सोमवारी बंगल्यावर जेवायला असायचे. प्राचार्य रावसाहेबांचे भाचेजावई. माझे आईवडील नगरला. त्यांना कळवून ते घाबरण्यापलीकडे काय करणार? आणि मी सांगणार तरी काय? एका माणसानं दुसऱ्याबद्दल चांगलं बोलायचं पाठ केलंय, ही तक्रार कुणी लिहून घेतली असती?

दुसऱ्या दिवशी तास संपले तशी मी छत्री घेऊन निघाले आणि नदीकडच्या वाटेनं अण्णांच्या मळ्यात गेले. केळीच्या बागेपलीकडे ते घोड्याला खरारा करत होते. बरोबर कुणी नव्हतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांचा हात मध्ये एकदाही थांबला नाही.

माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, “ऐकवा की.”

“काय?”

“भाषण. तुमच्या पाठ आसंल ना?”

मी म्हणून दाखवलं. मैत्री, नदी, तीन बोटं, मेलेल्यांच्या आठवणीचं वाक्य. नदीचा प्रसंग आला तेव्हा मात्र खरारा थांबला.

“त्यो बुडत हुता, असं म्हनला?”

“हो.”

“खोटं हाय. मी बुडत हुतो. त्येनं मला काडलं.” घोड्याच्या मानेवर त्यांनी कपाळ टेकलं. “मेलेल्याला मोठं कराया त्येचं काय जातंय?”

“अण्णा, तुम्ही काही दिवस बाहेरगावी जा. मुलाकडे जा पुण्याला.”

“जातो. मग परत कवा येऊ? त्येची परवानगी घिऊन?” ते वळले. डोळे लाल झाले होते, पण आवाज साधा होता. “बाई, चाळीस वर्सं मी ह्येची भाषनं ऐकतोय. माज्यावर एकदा बी बोलला न्हाई. आता बोलनार, तर मला ऐकायचंय.”

मला आधी काही कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. पलीकडच्या दगडावर मी बसले.

“रविवारी मांडवात चार हजार माणसं आसत्याल,” अण्णा म्हणाले. “येकदा त्यांच्यापुढं त्येनं मला मित्र म्हनलं, की म्होरल्या आठवड्यात माजं काय बरंवाईट झालं तर पैलं बोट कुनाकडं वळंल? पर एक हाय. ह्ये मला कुनी सांगितलं, ह्ये त्येला लगीच कळंल. तुमी आनि भैरू. आनि भैरू सांगायचा न्हाई.”

“हो.”

“म्हून इच्यारतो. करू का नगं? तुमी नगं म्हनला तर मी दुसरं बघीन.”

दुसरं काहीच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. घोडा शेपटीनं माश्या वारत होता. मला आईची आठवण झाली, उगाचच. मी म्हटलं, “करा.”

रविवारी सकाळी मांडव खच्चून भरला. मुलींनी स्वागतगीत म्हटलं. मी मंचाच्या डाव्या बाजूला पाहुण्यांचे हार घेऊन उभी होते. प्रास्ताविक करायचा मान उपाध्यक्षांचा. अण्णा माइकपाशी गेले तशी मांडवात कुजबुज उसळली, कारण दोघं वर्षभरानं एका मंचावर दिसत होते.

“मला काय बोलाया येत न्हाई,” अण्णा म्हणाले. “बोलायचं काम माज्या मित्राचं. आमचं वाकडं आलंय, त्ये तुमाला ठावं हाय. पर माज्या कानावर आलं, की रावसाहेबांनी माज्यावर, ह्या श्रीपतवर, एक भाषन तयार केलंय. लई मनापासनं. मी म्हनलं, मानूस हाय तंवर ऐकून घ्यावं. तर आज वर्धापनदिनाचं दुसरं काय नगं. त्ये तेवडं हू द्या.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. मागच्या रांगांतली माणसं उभी राहिली. जुनं भांडण मिटतंय असं वाटून बायका डोळे पुसायला लागल्या.

रावसाहेब खुर्चीत बसून होते. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग ते उठले, धोतराचा सोगा सारखा केला आणि माइकपाशी आले. त्यांच्याकडे दुसरं भाषणच नव्हतं. वर्धापनदिनाचं मी लिहून द्यायचं होतं, आणि या आठवड्यात त्यांनी ते मागितलं नव्हतं.

“मैत्रीमुळे सुख उजळतं, असं रोमचा तो शहाणा सांगतो,” त्यांनी सुरुवात केली. आवाज नेहमीचा, भरदार. “श्रीपत माझा मित्र हो...”

ते थांबले. ‘होता’ मधला ‘ता’ त्यांच्या दातांपर्यंत आलेला मला दिसला.

“...आहे,” ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“त्याचा स्वभाव रोखठोक होत... आहे. घोड्याचा नाद. कुणापुढं वाकणं त्याला जमलं ना... जमत नाही.”

असं चाललं होतं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकावा तसे क्रियापद चाचपत होते. मांडवाला वाटलं, माणूस गहिवरलाय. माझ्या हातातल्या हारांचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं, तरी ते खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. भैरू मंचाच्या पायरीशी उभा होता. तो रावसाहेबांकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता.

“नदीला पाणी आलं होतं,” रावसाहेब म्हणाले. “मी बुडत होतो. श्रीपतनं उडी टाकली, मला वर काढलं. आज त्याला...”

पुढे काही आलं नाही. त्यांनी ओठ मिटले, उघडले. रुमाल काढला. “रोमचा शहाणा म्हणतो, की...” आणि पुन्हा थांबले. पुढचं वाक्य मेलेल्यांबद्दल होतं. त्यांना दुसरं एकही आठवेना. चार हजार माणसं पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

अण्णा उठून त्यांच्याजवळ गेले.

“उलटं सांगितलंस की रं,” माइकमध्ये ते हळूच म्हणाले. “मी बुडत हुतो. तू काडलंस. इसरलास?”

मांडव हसला, रडला, काय काय केलं. कुणीतरी जयजयकार सुरू केला. रावसाहेबांनी अण्णांना मिठी मारली. खरी मिठी होती ती. त्यांची पाठ हुंदक्यानं हलत होती आणि तो हुंदका ठरवलेला नव्हता, कारण ठरवलेले सगळे मला माहीत होते. अण्णांची तीन बोटं त्यांच्या पाठीवर पसरली होती.

आणि अण्णांच्या खांद्यावरून रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते. नजर कोरडी होती.

त्या आठवड्यात अण्णांनी पॅनेल मागे घेतलं. दूध संघाचे अध्यक्ष अण्णा आणि आमदारकीला रावसाहेब, असं ठरलं. दोघं एका जीपमधून फिरायला लागले. गावानं पेढे वाटले. मला बंगल्यावरून बोलावणं आलं नाही. मात्र माझ्या खोलीसमोरच्या पानटपरीवर भैरू येऊन बसायला लागला. मी कॉलेजला निघाले की तो उठून हात जोडायचा. “नमस्कार, बाई.” परत आले की पुन्हा, “नमस्कार, बाई.” एके दिवशी घरमालकीण म्हणाली, “तुमचे कोण ते? परवा विचारत होते, बाई एकट्याच राहतात का, आणि मागचं दार कुठं उघडतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. जीपमधून नाही, घोड्यावरूनही नाही, चालत. हातात पिशवी होती.

“सामान बांदा, बाई.”

“पण तुमचा तर समेट झाला.”

“झाला. म्हून तर.” ते दारातच उभे राहिले. “काल त्येनं मला इच्यारलं, बाईंचं काय करायचं? मी म्हनलं, सोड की, चांगली बाई हाय. त्यो म्हनला, हां, चांगली हाय.” अण्णांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “त्यो माजा मित्र हाय. मी त्येला वळखतो.”

एका ट्रंकेत मावलं तेवढं मी घेतलं. स्टँडवर भैरू होता. अण्णांनी त्याच्यासमोरच माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवायला लावली आणि माझ्याशेजारी सीटवर येऊन बसले. सबंध वाट ते खिडकीकडच्या बाजूला बसून होते. मी सांगूनही जागा बदलली नाही. मागून येणारी प्रत्येक जीप पुढे निघून जाईपर्यंत तिच्याकडे बघत. नगरला उतरल्यावर माझ्या वडिलांना नमस्कार केला, चहा घेतला आणि परतीची गाडी विचारली.

“अण्णा, तुम्ही परत कशाला जाता?” मी त्यांना विचारलं.

“मला हिकडं कोन वळखतं?” ते म्हणाले, आणि एवढं बोलून स्टँडकडे निघाले.

पुढे मला नगरच्या एका शाळेत नोकरी मिळाली. लग्न झालं, मुलं झाली. शिरगोंडीला मी पुन्हा कधी गेले नाही. तीन वर्षांनी जिल्ह्याच्या पेपरात बातमी वाचली, की दूध संघाचे अध्यक्ष श्रीपतराव थोरवडे यांचं निधन झालं. मळ्यातल्या घरी, झोपेत. बातमी मी बऱ्याचदा वाचली. झोपेत, एवढंच होतं. खालच्या चौकटीत शोकसभेचं वृत्त होतं. आमदार इंगवले माइकसमोर उभे राहिले, त्यांनी हात जोडले, आणि एक शब्दही न बोलता खाली बसले, असं लिहिलं होतं.